उत्तरे देणारा प्राध्यापक

आमच्या प्रतिनिधीकडून
नेरूळ

डिसेंबरची पहिली तारीख उजाडली की नेरूळमधील महाविद्यालयांच्या आवारात लाल फिती दिसू लागतात. राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी पथनाट्य करतात, पत्रके वाटतात, एखादे व्याख्यान होते आणि जागतिक एड्स दिन पार पडतो. फिती लावून फिरणाऱ्या या मुलामुलींशी थोडे निवांतपणे बोलले, तर एक गोष्ट लवकरच ध्यानात येते. एचआयव्ही हा शब्द सर्वांना ठाऊक असतो. तो असुरक्षित शरीरसंबंधांतून आणि दूषित सुईतून पसरतो, हेही पाठ असते. परंतु डास चावल्याने तो होतो का, एका ताटात जेवल्याने होतो का, वरकरणी धडधाकट दिसणाऱ्या माणसाला तो असू शकतो का, असे विचारले की उत्तरे अडखळू लागतात. आणि प्रश्न स्वतःच्या वर्तनापाशी आला की संभाषणच थांबते.

हा केवळ नेरूळचा अनुभव नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील लोकांना नेमके असेच प्रश्न विचारले गेले. त्यांची सर्व उत्तरे बरोबर देऊ शकणाऱ्या, म्हणजे एचआयव्हीविषयी सर्वंकष ज्ञान असलेल्या स्त्रिया देशात २१.६ टक्के होत्या आणि पुरुष ३०.७ टक्के. त्याआधीच्या पाहणीत पुरुषांचे प्रमाण ३२.३ टक्के होते. म्हणजे हाती स्मार्टफोन आल्यानंतरच्या काळात पुरुषांचे ज्ञान वाढण्याऐवजी किंचित घटलेच.

या स्वरूपाचे प्रश्न मराठी तरुण शंभर वर्षांपूर्वीही विचारत होता. तेव्हा एचआयव्ही नव्हता. उपदंश आणि परमा होते. ते प्रश्न ज्याला विचारता येत होते असा एक माणूस मुंबईत राहत होता. तो डॉक्टर नव्हता, गणिताचा प्राध्यापक होता. त्याने उत्तरे दिली, आणि ती दिली म्हणून सरकारने त्याला न्यायालयात खेचले. रघुनाथ धोंडो कर्वे हे त्यांचे नाव.

महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव अशीच त्यांची ओळख आजही अनेकदा करून दिली जाते. रघुनाथरावांना ती फारशी रुचली नसती. त्यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी, दापोलीजवळच्या मुरूड येथला. वडील धोंडो केशव कर्वे हेही गणिताचेच शिक्षक. १८९१ मध्ये त्यांना पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात नोकरी मिळाली आणि त्याच वर्षी रघुनाथची आई राधाबाई बाळंतपणात दगावली. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. पुढे आयुष्यभर जो विषय त्याने धरून ठेवला त्याचे मूळ या मृत्यूत शोधण्याचा मोह कोणत्याही चरित्रकाराला होईल. तो मोह आवरलेला बरा. कारण रघुनाथरावांनी आपले विचार भावनेवर नव्हे, तर तर्कावर उभे केले होते. तरीही बाळंतपण म्हणजे काय किंमत असते, हे त्या घराला कोणी सांगायची गरज नव्हती, एवढे मात्र खरे.

दोन वर्षांनी, १८९३ मध्ये, धोंडोपंतांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. मुरूडच्या गावकऱ्यांनी कुटुंबावर बहिष्कार टाकला. समाजाच्या रूढीविरुद्ध वागले की काय सोसावे लागते, हे रघुनाथने वयाच्या अकराव्या वर्षी आपल्या घरात पाहिले. मुलगा बुद्धीने विलक्षण तल्लख होता. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८९९ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत तो पहिला आला. १९०४ मध्ये फर्ग्युसनमधून पदवी घेतली. पुढे सरकारी महाविद्यालयांत गणिताचे अध्यापन, मग उच्च शिक्षणासाठी पॅरिस, आणि परतल्यावर मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात प्राध्यापकी, असा त्यांचा प्रवास झाला. पॅरिसने त्यांना गणिताइकेच आणखी काही दिले. फ्रेंच भाषा, फ्रेंच वाङ्मय आणि शरीराविषयी लाज न बाळगता बोलणारा समाज, या तिन्ही गोष्टी त्यांच्यासोबत मुंबईला आल्या.

१९२१ हे वर्ष संततिनियमनाच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. मार्च महिन्यात लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले. अमेरिकेत मार्गारेट सँगर यांनी १९१६ मध्येच असा प्रयत्न केला होता आणि त्यासाठी त्यांना अटक झाली होती. त्याच १९२१ मध्ये कर्वे यांनी मुंबईत केंद्र सुरू केले. भारतातील हे पहिले संततिनियमन केंद्र. त्यामागे ना कोणती संस्था होती, ना सरकारी मदत. प्राध्यापकाच्या पगारातून, पत्नी मालतीबाईंच्या साथीने ते चालले. स्वतः या दांपत्याने मूल होऊ न देण्याचा निर्णय घेतला होता. लोकांना सांगायचे एक आणि घरात करायचे दुसरे, हा प्रकार त्यांच्याकडे नव्हता. त्या काळातल्या एका मध्यमवर्गीय मराठी बाईने हा निर्णय स्वीकारणे आणि त्यावरून होणारी कुजबुज वर्षानुवर्षे सोसणे, याची नोंद रघुनाथरावांच्या कर्तृत्वाइतक्या ठळकपणे झालेली नाही. ती व्हायला हवी होती.

विल्सन महाविद्यालय स्कॉटिश मिशनऱ्यांचे. तेथील गणिताचा प्राध्यापक संततिनियमनाचा जाहीर पुरस्कार करतो, हे व्यवस्थापनाला मानवणे शक्य नव्हते. प्रचार थांबवावा किंवा नोकरी सोडावी, असा पेच त्यांच्यापुढे उभा राहिला. १९२५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. वय त्रेचाळीस. त्यानंतर स्थिर पगाराचे सुख त्यांच्या वाट्याला आले नाही. गणित शिकवता येणारा माणूस मुंबईत उपाशी राहत नाही, हे खरे. पण पुढची अठ्ठावीस वर्षे पैशाच्या ओढगस्तीतच गेली.

कर्वे म्हटले की संततिनियमन एवढेच लोकांना आठवते. वास्तविक त्यांच्या कामाच्या दोन बाजू होत्या आणि त्या त्यांनी कधी एकमेकींत मिसळू दिल्या नाहीत. 'संततिनियमन' हे त्यांचे पुस्तक १९२३ मध्ये आले. त्याच्या जोडीला त्यांनी 'गुप्तरोगांपासून बचाव' हे स्वतंत्र पुस्तक लिहिले. नको असलेले मूल हा एक प्रश्न आणि संबंधांतून लागणारा रोग हा दुसरा. पहिल्यावरचा प्रत्येक उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही, ही त्यांची साधी मांडणी. आज औषधांच्या दुकानातून तातडीची गर्भनिरोधक गोळी घेऊन निश्चिंत होणाऱ्या महाविद्यालयीन तरुणांना हा फरक कोणी समजावून सांगत नाही. गोळी गर्भ रोखते, विषाणू नाही. गर्भाची भीती पुढच्या महिन्यात समोर येते, म्हणून ती मोठी वाटते. संसर्ग मात्र वर्षानुवर्षे काहीही लक्षण न दाखवता शरीरात राहू शकतो. दोन्हींपासून एकाच वेळी बचाव करणारे साधन निरोध हेच आहे. ते मागायला मुले दुकानातली गर्दी कमी होण्याची वाट पाहतात आणि दुकानदार ते काळ्या पिशवीत गुंडाळून देतो.

गुप्तरोगांचे पुस्तक कोणत्या परिस्थितीत लिहिले गेले, तेही पाहिले पाहिजे. उपदंशाचा जंतू १९०५ मध्ये सापडला होता. १९०६ मध्ये रक्ताची चाचणी निघाली आणि १९१० मध्ये साल्व्हरसन हे औषध आले. म्हणजे शास्त्राने आपले काम बऱ्यापैकी केले होते. पण पेनिसिलिन यायला अजून दोन दशके होती, साल्व्हरसनचे उपचार लांबलचक आणि त्रासदायक होते, आणि मुंबईत गर्मी झालेला माणूस डॉक्टरकडे जाण्याआधी वैदू, जाहिरातीतली मात्रा आणि मित्रांचे सल्ले यांच्या हाती सापडत असे. कुमारिकेशी संबंध आल्यास रोग जातो, ही भयंकर समजूतही प्रचलित होती. नवऱ्याकडून बायकोला आणि तिच्याकडून पोटातल्या मुलाला रोग जात असे, आणि दोष बायकोच्या नशिबाला दिला जात असे. कर्व्यांचे म्हणणे असे की रोग हा रोग आहे. तो पापाची शिक्षा नव्हे. पाप म्हटले की माणूस लपवतो, लपवले की उपचार होत नाहीत आणि उपचार झाले नाहीत की तो आणखी चार जणांना रोग देतो. एखादे समीकरण सोडवावे तसा हा युक्तिवाद आहे. पुढे एचआयव्हीच्या बाबतीत साऱ्या जगाला याच युक्तिवादापाशी यावे लागले.

१५ जुलै १९२७ रोजी 'समाजस्वास्थ्य' या मासिकाचा पहिला अंक निघाला. मासिक आकाराने लहान. संपादक, मुख्य लेखक, व्यवस्थापक, सारे कर्वे एकटेच. मुखपृष्ठावर बहुधा नग्न स्त्रीचे चित्र असे. तेवढ्यावरून अंक न उघडताच त्याचा निषेध करणारे पुष्कळ होते, आणि तेवढ्यासाठीच अंक विकत घेणारेही काही असतील. आत मात्र लैंगिक शास्त्र, गुप्तरोग, विवाहसंस्था, स्त्रियांचे हक्क, बुद्धिवाद, आहार अशा विषयांवरचा कोरडा, तर्ककठोर मजकूर असे. कर्व्यांची शैली ललित नव्हती. त्यात आर्जव नाही, उपहास आहे. समोरच्याला चुचकारून आपल्याकडे वळवावे, ही कला त्यांना साधली नाही किंवा त्यांनी ती साधू दिली नाही. त्या काळच्या पाश्चात्त्य लेखकांवर त्यांनी टाकलेला भरवसाही आज काही ठिकाणी जरा जास्तच वाटतो. पण संशय आला तर ते देवधर्माला सोडत नसत, पुढाऱ्यांनाही नाही. संततिनियमनासाठी ब्रह्मचर्य हाच मार्ग सांगणाऱ्या गांधीजींवर त्यांनी सातत्याने टीका केली. १९३५ च्या डिसेंबरात मार्गारेट सँगर वर्ध्याला जाऊन गांधीजींना भेटल्या आणि त्यांचे मत बदलल्याविना परतल्या. कर्व्यांना यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नव्हते.

मासिकाचा खरा जीव मात्र वाचकांच्या प्रश्नोत्तरांत होता. ज्या गोष्टी वडिलांना, भावाला, इतकेच नव्हे तर डॉक्टरलाही विचारता येत नव्हत्या, त्या लोक या प्राध्यापकाला विचारत. हस्तमैथुनाने शक्ती नष्ट होते का, समलिंगी आकर्षण हा रोग आहे का, असे प्रश्न येत. शंभर वर्षांच्या अंतरानंतरही यातले किती प्रश्न तसेच आहेत, हे महाविद्यालयात समुपदेशन करणारी कोणीही व्यक्ती सांगू शकेल. कर्वे उत्तर देत ते थेट. हस्तमैथुन घातक नाही. त्याविषयीची भीती मात्र घातक आहे. समलिंगी आकर्षण अनैसर्गिक नाही. एका ओळीचा प्रश्न, चार ओळींचे उत्तर. उपदेश नाही, विचारणाऱ्याची चौकशी नाही.

या उत्तरांची किंमत त्यांना मोजावी लागली. त्याआधी १९३१ मध्येच व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल पुण्यातील सनातन्यांच्या तक्रारीवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला होता आणि शंभर रुपये दंड ठोठावला गेला होता. वरच्या न्यायालयातही दाद मिळाली नाही. १९३४ मध्ये दुसरा खटला उभा राहिला, तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. या वेळी त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी.

ही गोष्ट सहजपणे वाचून पुढे जाण्यासारखी नाही. गोलमेज परिषदा आणि पुणे करार नुकतेच होऊन गेलेले. बाबासाहेबांपुढे कामांचा डोंगर होता. ज्या समाजाचे ते नेतृत्व करीत होते, त्यालाही हा विषय सोयीचा नव्हता. असे असताना एका चित्पावन प्राध्यापकाच्या बदनाम मासिकासाठी ते न्यायालयात उभे राहिले. त्यांचा युक्तिवाद मुद्देसूद होता. लैंगिक विषयावरचे लेखन केवळ त्या विषयामुळे अश्लील ठरत नाही, हा पहिला मुद्दा. लोक अज्ञानापोटी प्रश्न विचारीत असतील तर जाणकाराने उत्तर देणे हे कर्तव्य आहे. उत्तर चुकीचे असल्यास ते खोडून काढावे, बंद पाडू नये, हा दुसरा. हॅवलॉक एलिस यांच्यासारख्या अभ्यासकांच्या संशोधनाचा आधार घेऊन समलिंगी आकर्षणाविषयीच्या उत्तराचाही त्यांनी बचाव केला. न्यायाधीशांना यातले काही पटले नाही. असल्या विकृत प्रश्नांना मुळात उत्तरे द्यावीतच कशाला, असा न्यायालयाचा रोख होता. दोनशे रुपये दंड झाला. नोकरी नसलेल्या, तोट्यातले मासिक चालवणाऱ्या माणसाला ही रक्कम लहान नव्हती.

मासिक बंद पडले नाही. त्याच वर्षी, १९३४ मध्ये, 'आधुनिक कामशास्त्र' हा त्यांचा ग्रंथही प्रसिद्ध झाला. वेश्याव्यवसायावरही त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्या व्यवसायाला बंदी घालून रोग थांबत नाही, हे त्यांचे मत त्या काळी अनेक सुधारकांनाही मान्य नव्हते.

ज्या प्रश्नासाठी त्यांना दंड झाला, त्यापैकी एकाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ रोजी लागला. सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नसल्याचे जाहीर केले. मध्ये चौऱ्याऐंशी वर्षे गेली. बाकीच्या प्रश्नांचा प्रवास अधिक वाकडातिकडा आहे. १९८६ मध्ये चेन्नईत भारतातले पहिले एचआयव्हीबाधित आढळले. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. योगायोग असा, की मानखुर्द-वाशी रेल्वेही त्याच वर्षी धावली. तिच्यामागोमाग नेरूळसारखे आगरी-कोळ्यांचे गाव हॉस्टेल, पेइंग गेस्ट आणि महाविद्यालयांचे उपनगर बनत गेले. घरापासून दूर, पहिल्यांदाच स्वतंत्र राहणारी हजारो मुले येथे आली. त्यांना शाळेत काय सांगितले गेले होते? २००७ मध्ये शाळांतील किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमाच्या पुस्तकांवरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि महाराष्ट्र शासनाने तो कार्यक्रम थांबवला. चित्रे अश्लील आहेत, संस्कृतीला धक्का बसतो, मुलांच्या मनात नको ते विचार येतात, हे त्या वेळचे आक्षेप. १९३४ च्या खटल्याचे कागद ज्यांनी वाचले आहेत, त्यांना ते ओळखीचे वाटले असतील.

दरम्यान औषधशास्त्र पुढे गेले. एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटी औषधे मोफत मिळू लागली. नियमित उपचार घेणाऱ्याच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण इतके खाली आणता येते की लैंगिक संबंधांतून तो दुसऱ्याला संसर्ग देत नाही. धोक्याचा प्रसंग घडल्यास ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावयाची प्रतिबंधक औषधे आहेत. २०१७ च्या कायद्याने बाधित विद्यार्थ्याला प्रवेश नाकारणे किंवा त्याची माहिती संमतीविना उघड करणे बेकायदा ठरवले. १०९७ या क्रमांकावर फोन करून नि:शुल्क माहिती मिळते. कर्व्यांच्या वाचकाला पोस्टाने प्रश्न पाठवून उत्तरासाठी पुढच्या अंकाची वाट पाहावी लागे. फोनवर उत्तर लगेच मिळते; पण ७२ तास म्हणजे तीनच दिवस, आणि ते बहुतेक वेळा कोणाला विचारावे याच विचारात संपतात.

कर्व्यांची अखेरची वर्षे एकाकी गेली. मालतीबाई त्यांच्या आधीच गेल्या होत्या. मासिकाची वर्गणी कधी पुरेशी झाली नाही. जवळची माणसे मोजकी. त्यांत शकुंतला परांजपे होत्या. कर्व्यांच्याच नात्यातल्या, रँग्लर परांजपे यांच्या त्या कन्या. संततिनियमनाच्या कामात त्या कर्व्यांच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या आणि तेच काम त्यांनी पुढे १९५८ पासून विधान परिषदेत व १९६४ पासून राज्यसभेतही मांडले. सरकारी धोरणही सावकाश का होईना, त्याच दिशेला सरकत होते. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. असा कार्यक्रम सरकारी पातळीवर स्वीकारणारा भारत हा जगातला पहिला देश. तो सुरू झाला तेव्हा कर्वे मुंबईतच होते, सत्तर वर्षांचे होते आणि 'समाजस्वास्थ्य'चे अंक काढत होते.

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. नोव्हेंबरचा अंक निघाला आणि त्यानंतर मासिक बंद झाले. त्यांच्या आयुष्यावर अमोल पालेकर यांनी २००१ मध्ये 'ध्यासपर्व' हा चित्रपट काढला. त्यात किशोर कदम यांनी रघुनाथरावांची आणि सीमा बिस्वास यांनी मालतीबाईंची भूमिका केली. नंतर अजित दळवी यांच्या लेखणीतून आणि अतुल पेठे यांच्या दिग्दर्शनातून 'समाजस्वास्थ्य' हे नाटकही रंगभूमीवर आले.

मुलगा गेला तेव्हा महर्षी कर्वे पंचाण्णव वर्षांचे होते. विधवाविवाहासाठी मुरूडने ज्यांना वाळीत टाकले होते, त्या धोंडोपंतांना १९५८ मध्ये, त्यांच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न देण्यात आले. रघुनाथरावांच्या नावावर सरकारदरबारी जी नोंद होती, ती शंभर आणि दोनशे रुपयांच्या दंडाची.